सूर्यचुलीची वही

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवून सहा-सात महिने झाले. परवाच्या सभेला ते बसवणारा तरुण इंजिनीअर आला होता. त्यानं मोबाइलवर एका दिवसाच्या विजेचा आलेख उघडून सगळ्यांना दाखवला. सकाळी चढत जाणारी रेघ, दुपारी माथा, मग उतरण. उतरणीवर एका ठिकाणी खाच होती. कुणीतरी विचारलं, इथं काही बिघडलंय का? तो म्हणाला, बिघाड नाही, समोरच्या टॉवरची सावली पडते तेवढा वेळ. पूर्वी एका पॅनलवर सावली पडली की शेजारच्यांचीही वीज कमी व्हायची. आता प्रत्येकाला वेगळं यंत्र असतं, त्यामुळे ज्याच्यावर सावली त्याचंच नुकसान. सगळ्यांना ते पटलं आणि सभा पाण्याच्या टाकीकडे वळली. मला मात्र तिथं बसवेना. डोकं दुखतंय असं सांगून मी घरी आले.

पुढे जे लिहिते आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नीट सांगता येईल का, याचीही खात्री नाही.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाबा चाळीमागच्याच गिरणीत विणकर होते. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची चोवीस वर्षं गेली होती. आई हिंदमात्याच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायची. संपाआधी ते वरकामासारखं होतं, आता त्यावरच घर चालत होतं. मी गिरगावातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे मी तिथं काय करते हे घरी नेमकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कॉलेजात मी कुठून येते हे मी कुणाला सांगत नव्हते.

पहिले काही महिने बाबा रोज संपाच्या सभेला जायचे. मग एक दिवसाआड, मग दाराशी बसून राहायचे. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून कोकणात निघाली होती. गावाला जाऊन येतो म्हणून गेलेले पुरुष परत येत नव्हते. बाबांनीही गावी जावं, असं आईचं चाललं होतं. गावाला भाताची थोडी जमीन होती, काका एकटे पडले होते. "हंय बसान काय करतलात?" असं ती बाबांना दिवसातून एकदा तरी विचारायची. मला भीती वाटायची ती एवढीच. बाबा एकदा गावी गेले की ते गेले. इथं गिरणी बंद असली तरी ते विणकर होते. तिथं ते कोण असणार होते, ते मला दिसत नव्हतं.

दिवाळीनंतर जायचं असं जवळजवळ ठरलं होतं, आणि त्याच सुमाराला सूर्यचूल घरी आली.

कॉलेजात आमचे भौतिकशास्त्राचे सर सौरऊर्जेच्या मागे लागलेले होते. त्यांनी एका सरकारी कचेरीतून दोन सूर्यचुली मिळवल्या होत्या. प्रवासाच्या बॅगेएवढी पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. काळे रंगवलेले चार डबे आत ठेवायचे, आरसा उन्हाकडे फिरवायचा. जानेवारीच्या शेवटी विज्ञान प्रदर्शन होतं. त्यासाठी हिवाळाभर दर अर्ध्या तासाला पेटीतलं तापमान टिपायचं होतं. गच्ची कुणाकडे आहे, असं सरांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला. तोवर वर्गात मी फारसा हात वर केलेला नव्हता. नोंदीच्या वेळात मी कॉलेजात असणार हे मला नंतर सुचलं. सर म्हणाले, घरी कुणी आहे का? मी म्हटलं, वडील आहेत.

बाबांनी पेटी हातगाडीवरून उतरवून घेतली आणि तासभर तिच्याभोवती फिरून पाहिली. काच कशी बसवली आहे, कडेला हवा सुटते का, बिजागरी ढिली आहे का. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून जुनी चिंधी घेऊन झाकणाची फट बुजवली. तापमापी बुचातून आत घालायची असते, ती कशी वाचायची हे मी एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. गावी जायचं बोलणं मागे पडलं. आईनं काढलं की ते म्हणायचे, बायचं काम होऊ दे. बाय म्हणजे मी.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण आकडे सुरेख काढायचे. त्यांनी शंभर पानी वही घेतली, पट्टी लावून रकाने आखले. सकाळी नऊला पेटी लावायची, दर अर्ध्या तासाला उन्हामागे थोडी फिरवायची, आकडा लिहायचा. दोन साचे एका वेळी सांभाळलेला माणूस, त्याला एक पेटी काय जड. पण ते तिच्यापासून हलायचे नाहीत. जेवायलासुद्धा दोन नोंदींच्या मधे खाली यायचे.

चाळीतल्या पुरुषांना विषय मिळाला. गच्चीवर पत्ते खेळायला येणारे त्यांना सूर्याचा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, म्हणू लागले. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका तर रोज विचारायचे, "काय जॉबर, आज सूर्य टायमार इलो काय? का तोवय संपार?" बाबा हसायचे. संप झाल्यापासून ते हसताना मी पाहिले ते त्या गच्चीवरच. ढग आला की पत्त्यांच्या अड्ड्यावरून ओरडा व्हायचा की सूर्यानं टोकन स्ट्राइक केला.

पहिल्या दिवशी डाळ शिजून आली तेव्हा आईनं बोटानं दाबून पाहिली, दोनदा पाहिली, आणि फोडणी टाकली. पुढे ती स्वतःच सकाळी डबे भरून द्यायला लागली. रॉकेलच्या रांगेत उभं राहणं तेवढं कमी झालं. शेजारणी एकेक डबा घेऊन यायच्या, आमचे चणे ठेवा, आमची रताळी ठेवा. बाबा कुणाचा डबा कुठल्या कोपऱ्यात ते लक्षात ठेवायचे.

सरांनी एकदा वही मागवून पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, कचेरी आणखी दहा-बारा चाळींना सूर्यचुली देणार आहे. त्या बसवून द्यायला, बायकांना शिकवायला एक माणूस लागेल. प्रदर्शनाला कचेरीचे साहेब येणार आहेत. नोंदी चांगल्या दिसल्या तर मी तुझ्या वडिलांचं नाव सुचवीन. त्या दिवशी मी ठाकूरद्वारापासून जवळजवळ पळतच बस गाठली. बाबांना सांगितलं तर ते नुसते बरं म्हणाले. पण रात्री आईला, मी झोपले असं समजून, दोनदा विचारत होते, सायब काय विचारतील गं?

आता वहीतल्या लाल गाठींबद्दल.

बाबांच्या खात्यात एक रीत होती. साच्यावर कापडात दोष राहिला, धागा तुटून जाळी पडली, तर विणकर त्या ठिकाणी काठाला लाल सुताची गाठ मारायचा. पुढे घडीखात्यात तपासणाऱ्याला तिथं थांबता यावं म्हणून. दंड झाला तर होऊ दे, पण गाठ मारायची. कुणी गाठ सोडून माल पुढे ढकलला आणि ते कळलं, तर त्याला खात्यात कुणी पाणी विचारत नसे. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांनी वहीतही तेच केलं. आकडा नेहमीच्या चालीपेक्षा वेगळा पडला की त्या ओळीशी समासाला सुईनं भोक पाडून आईच्या रिळातला लाल दोरा ओवायचा आणि गाठ मारायची.

जानेवारीत मी आलेख काढायला बसले तेव्हा पाहिलं की गाठी जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत, आणि बहुतेक एकाच ओळीला, साडेतीनच्या. अडीचला एकशे आठ, तीनला एकशे चार, साडेतीनला एकदम अठ्ठ्याऐंशी, चारला पुन्हा ब्याण्णव. पुस्तकातली रेघ अशी नव्हती. ती गोल, सावकाश उतरणारी होती.

साडेतीन ही गिरणीत दुसरी पाळी सुरू व्हायची वेळ. एका रविवारी सव्वातीनला मी गच्चीवर गेले होते, तेव्हा बाबा कठड्याशी उभे राहून गिरणीकडे बघत होते. पेटीकडे त्यांची पाठ होती. मला इतकं भरून आलं की मी तशीच खाली आले. मनाशी ठरवून टाकलं की पाळीच्या वेळेला त्यांचं भान सुटतं, पेटी फिरवायची राहते, किंवा झाकण उघडं राहतं, आणि आकडा पडतो.

त्यांनी मला सांगितलं होतं. हे लिहायलाच हवं. आकडे उतरवून घेताना मी विचारलं नव्हतं, तरी ते आपणहून म्हणाले, "साडेतीनाक सावली येता, बाय. ता लिवलंय मी." मला उशीर होत होता. मी बरं म्हटलं. हिवाळ्यात कसली सावली, एखादा ढग असेल, असं काहीतरी वाटलं असेल. खरं म्हणजे वाटलंही नाही, मी ऐकलंच नाही.

मग मी ते आकडे बदलले. साडेतीनला अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, कधी सत्त्याण्णव, असं त्यांना रेघेत बसवलं. नवी वही आणली, सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. तिच्यात गाठी नव्हत्या. मी हे त्यांच्यासाठी करते आहे असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. साहेबांना नोंदी चांगल्या दिसायला हव्या होत्या. बाबांच्या चुका कुणाला दिसू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा आले. पांढरा शर्ट दोन दिवस गादीखाली घडी घालून ठेवला होता, तो घातला होता. मी त्यांना आमच्या टेबलाशी आणलं, पण माझे वडील अशी ओळख कुणाला करून दिली नाही. शिपायानं त्यांना चहा दिला आणि ते थोडे मागे, खिडकीशी उभे राहिले.

कचेरीचे साहेब आले. बरोबर सर होते. साहेबांनी आलेख पाहिला, आवडला असावा. मग म्हणाले, मूळ नोंदी आहेत का? मी नवी वही पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली, ती नवी करकरीत दिसली असतील, आणि म्हणाले, ही नव्हे, गच्चीवरची. सर म्हणाले, अगं, ती जुनी वही काढ ना. मी पिशवीतून काढली. तिच्या कडेला लाल गाठींची रांग होती. साहेबांनी विचारलं, या गाठी कसल्या? दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. आकडे का बदलले असं आता विचारतील, एवढंच मला सुचत होतं.

मी म्हटलं, "त्या चुकलेल्या नोंदी आहेत, सर. माझे वडील घेत होते. ते फारसे शिकलेले नाहीत. चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या."

कॉलेजात बोलायची तशी स्वच्छ भाषा वापरली मी. साहेब बरं म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. मी मागे पाहिलं तर बाबा कप दोन्ही हातांत धरून उभे होते. चहा संपलेला होता.

सर चांगले होते. थोड्या वेळानं ते स्वतः बाबांजवळ आले, मी म्हटलं होतं त्याचा उल्लेखही केला नाही, आणि कामाचं विचारलं. तुम्हाला हाताचं ज्ञान आहे, लिहायला मुलगी मदत करील, असं म्हणाले. बाबांनी हात जोडले. "नको, साहेब. माझ्याकडून चुका होतात." हे ते इतकं जपून, शुद्ध बोलले की मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटले.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. भायखळ्याला त्यांनी विचारलं, नंबर आला का? मी म्हटलं, दुसरा. ते बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले नाही. पेटी परत न्यायला हातगाडीवाला चारला यायचा होता, म्हणून मी तीनला गच्चीवर गेले. बाबा कुठेतरी बाहेर गेले होते. खालच्या मजल्यावरच्या काकू पापड उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मांडत होत्या. मी विचारलं, का हलवता? त्या म्हणाल्या, आता भोंगा येतो ना इकडे. आमच्या चाळीत गिरणीच्या धुराड्याला सगळे भोंगाच म्हणायचे. मी पाहिलं. धुराड्याची सावली पलीकडच्या पत्र्यांवरून सरकत येत होती. मग कठड्यावर चढली, गच्चीवर उतरली आणि बरोबर पेटीवर येऊन थांबल्यासारखी झाली. आरसा विझला. तापमापी अजून बुचात होती. पारा खाली येताना मी पाहिला. वीसेक मिनिटांनी सावली पुढे गेली आणि तो पुन्हा चढायला लागला.

पापड वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. पेटी हलवली असती तरी चाललं असतं. पण पेटी एकाच जागी ठेवायची, जागा बदलली की नोंदी तुलनेला चालत नाहीत, असं मीच बाबांना पहिल्या दिवशी बजावलं होतं.

बाबा आले ते खांद्यावर दोरीचं बंडल घेऊन. गाठोडी बांधायला आणलेलं. मी जिन्यातच त्यांना म्हटलं, "बाबा, भोंग्याची सावली येते."

"होय," ते म्हणाले. "सांगलंलय तुका."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पाय धरता आले असते. मी म्हटलं, मी सरांना सांगते, आजच जाते, काम अजून दुसऱ्या कुणाला दिलं नसेल. ते म्हणाले, तुझं काम झालं ना, मग झालं. आणि दोरी घेऊन वर गेले. चौथ्या दिवशी परळहून एस.टी.नं ते गावी गेले. आई आणि मी पोचवायला गेलो होतो. आई त्यांना काकांसाठी दिलेलं औषध कसं घ्यायचं ते सांगत राहिली, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

सरांकडे मी दोन आठवड्यांनी गेले. तोवर धीरच झाला नाही. सगळं सांगितलं. ते बराच वेळ जुनी वही चाळत राहिले. सावलीची वेळ जानेवारीत रोज थोडी थोडी अलीकडे सरकत होती, तेही बाबांनी समासात मिनिटांसह लिहून ठेवलं होतं. मी ते पाहिलंही नव्हतं. सर म्हणाले, "अगं, तुमच्या प्रकल्पातलं नवं असं हेच होतं." मग म्हणाले, त्यांना बोलावून घे, मी साहेबांशी पुन्हा बोलतो.

मी गावी पत्र लिहिलं. माफीही मागितली, पण गावी पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जातं हे माहीत असल्यानं ती दोन ओळींत मागितली. उत्तर आलं ते चुलतभावाच्या अक्षरात. सगळे खुशाल आहेत, काजू बरा आला आहे, बाबा यायचं म्हणत नाहीत. तोवर बाबा गावाला स्वतः पत्र लिहायचे. काकांना मुंबईहून जाणारी सगळी पत्रं त्यांच्या हातची असायची.

बाबा पुढे आठ-नऊ वर्षं जगले. मुंबईला दोनदा आले, तेही लग्नांना. संप संपला असं कुणी कधी सांगितलं नाही. गिरणी उघडली नाही. आमची चाळही नंतर गेली. त्या सगळ्यात बाबांचं काय झालं असतं, कचेरीचं ते काम किती दिवस टिकलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कदाचित वर्षभरही टिकलं नसतं. सूर्यचुलींचं ते वेड पुढे ओसरलंच. पण ते कारण काढून मी सुटते असं मला वाटत नाही.

त्या मे महिन्यात मी गावी गेले होते. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, त्यावर वडिलांची सही लागायची. संध्याकाळी पडवीत अर्ज त्यांच्यासमोर ठेवला, पेन दिलं. सही कुठं करायची ते दाखवलं. वरती वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता, तो मी रिकामा ठेवला होता. म्हटलं, हेही तुम्हीच लिहा. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, कागद मांडीवर सरळ केला. मला वाटलं, लिहितात. मग त्यांनी टोपण परत लावलं आणि पेन माझ्याकडे दिलं.

"तूच लिव काय ता," ते म्हणाले. "तुझा अक्षर बरा."

मी म्हटलं, बाबा, सही तरी. ते उठले आणि गोठ्याकडे गेले. मी पेनाचं टोपण काढलं. मग व्यवसायापुढे विणकर लिहिलं, आणि खाली त्यांची सही मीच केली.